गेलं

टेप ऐकून लिहून काढणं, एवढंच माझं काम.
अकरा वर्षं झाली. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल.
पेडल दाबलं की आवाज मागे जातो,
माणसं जिथल्या तिथेच राहतात.

ऑगस्टातला मंगळवार. कुओपिओवर लख्ख आभाळ,
खाली कल्लावेसीचं पाणी, बेटं, बेटांवर बर्च.
हवामानाच्या रकान्याला अर्धी ओळ पुरली.
दोष द्यायला एक ढगसुद्धा नव्हता.

हेलसिंकीहून आलेलं विमान उतरणीला लागलेलं,
आत अठ्ठ्याण्णव माणसं,
कॉफीचे रिकामे कप गोळा करणं चाललेलं.
आणि इकडून आर्ने हुत्तुनेन,
वय एकाहत्तर, गुरांचा डॉक्टर, निवृत्त,
स्वतःच्या दोन सीटच्या विमानात.
शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून बसवलेली
रानबेरींची बादली.
बहिणीकडे निघाला होता.
एक बटण दाबायचं राहिलं त्याच्याकडून.
दाबलं असतं तर रडारवर तो ठिपका झाला असता.
राहिलं,
म्हणून नुसता माणूस राहिला
हवेत.

"डावीकडे, डावीकडे..."
हा सहवैमानिक मुलीचा आवाज.
मग काही नाही.
पेडल दाबते. पुन्हा काही नाही.
घड्याळ लावून मोजलं, चार सेकंद.
नियमाप्रमाणे इथे कंसात 'शांतता' लिहायचं असतं.
पण कान देऊन ऐकलं तर शांतता नाही ती,
कुणीतरी श्वास आत घेतलाय
आणि सोडायचा विसरलंय.

मग एकच शब्द.
"गेलं."

टॉवरमधल्या साम्प्साला कळेना,
बाजूने गेलं, की गेलं.
"काय गेलं?" त्याने विचारलं,
इतक्या बारीक आवाजात
की मला तो तीनदा ऐकावा लागला.

आडवं अंतर नव्वद मीटर. उभं पंधरा.
संध्याकाळी घरी जाताना
आमच्या दारापासून टपालपेट्यांपर्यंत मोजून पाहिलं.
सव्वाशे पावलं.
मध्ये एकदा थांबले, उगाच.

आर्ने जबाब द्यायला आला
तेव्हा नखं अजून जांभळी होती त्याची.
काय दिसलं, असं विचारल्यावर म्हणाला, पोट.
"चाळीस वर्षं गाईंची पोटं पाहिली मी,
असं अंगावर आलेलं पोट पाहिलं नव्हतं.
तेलाचा एक ओघळ होता त्याला, मागे पसरलेला.
मी दांडा ओढला आणि बादली उलटी.
जीव भांड्यात पडला म्हणतात ना,
माझं भांडंच सांडलं."
हसला. बाकी कुणी हसलं नाही.
मग पाणी मागितलं त्याने,
आणि ग्लास टेबलावरच ठेवून
वाकून प्यायला, वासरासारखा.

जखमी: कोणी नाही.
नुकसान: काही नाही.
मी दोन्ही 'नाही' टाइप केले
आणि फाइल वर पाठवली.

तीन आठवड्यांनी एक पत्र आलं.
चौदाव्या रांगेतली बाई.
तिचा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला होता,
खिडकीबाहेर लाल टोपीवाले आजोबा आहेत.
ती म्हणाली होती, हो का, आता टेबल मिट.
बातमी वाचल्यापासून झोप नाही तिला.
खाली लिहिलं होतं,
त्याने आजोबांना हात केला होता,
आजोबांनी केला नाही,
यावर तो अजून घुश्शात आहे.

फाइल बंद झालेली. असल्या गोष्टीला रकाना नसतो.
तरी मी फोन लावला, जेवणाच्या सुट्टीत.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
या खेपेला मी मोजलं नाही.

"विमान शेडमध्येच आहे," म्हणाला,
"पेडलखाली अजून बेरी सापडतात, वाळलेल्या."
आणि मग,
"पोराला सांगा, राग मानू नको म्हणावं.
दोन्ही हात गुंतले होते."