कात्री

रामबागेतलं आमचं दुकान, गल्ल्याशेजारी
खिळ्याला सुतळीने बांधलेली कात्री.
शरयूताई खासगीवाले पहिल्यांदा आल्या
तेव्हा पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या.
चिठ्ठीवर होतं : अर्धी, झोपताना, आठ दिवस.
नवरा अकरा रात्री एम.वाय.मध्ये होता.
तो गेला. ह्यांची झोप तिथल्या बाकावरच राहिली.

नवव्या दिवशी आल्या. चेहरा उजळलेला.
"आज कितीतरी दिवसांनी पोह्यांना चव लागली हो."
कुणाला बरं वाटलेलं पाहून
कोण हात आवरतो?
आणखी चार.

मग अर्धीची एक झाली.
केव्हा, ते नाही सांगता येत.
फळीवरचं खोबरेल कोणत्या रात्री गोठलं
हे आपल्याला सकाळी बाटली उलटी केल्यावरच कळतं.

चैत्रापर्यंत चिठ्ठी घड्यांवर फाटली.
त्यांनी मागून चिकटपट्टी लावली, बारीक, सुबक;
शाळेत शिवणाच्या बाई होत्या.
तारखेतल्या इंग्रजी तीनचा आठ केला होता,
तो टाकाही इतका सफाईचा
की मी उसवला नाही.

एव्हाना झोपेचा विषयच निघत नव्हता.
गोळी नसली की बोटं थरथरायची,
सुईत दोरा ओवण्यापुरती तरी हवी, म्हणाल्या.
आणि एकदा, हसून :
"अख्खी पट्टीच द्या, तुम्हालाही कापायचा त्रास."

पुढे येणं कमी झालं.
सुटलं वाटतं, असं मी धरून चाललो.
तसं धरून चालणं सोयीचं होतं.
दवा बाजारात सुखलाल म्हणाला, भिया,
तुमच्या रामबागेच्या एक बाई माझ्याकडे येतात,
मल्हारगंजलाही जातात म्हणे.
तीच चिठ्ठी, मागे चिकटपट्टी.

दिवाळीनंतर मुलगी आली, मृण्मयी.
काउंटरवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा केला.
बटणं, दोन बॉबिन, आणि रिकाम्या पट्ट्या,
अख्ख्या, अख्ख्या, अख्ख्या,
तळाशी चार-चारचे तुकडे,
कडेला माझ्या कात्रीचा तिरका काप.
भांडली नाही. एवढंच विचारलं,
"काका, ह्यातली नेमकी कितवी?"
मी तुकडे हलवून पाहिले. खरंच पाहिले.

आता नवी चिठ्ठी आहे. एकदम बंद करायचं नाही,
झटके येतात. दर पंधरवड्याला पाव गोळी कमी.
मी सुतळी ओढतो, पाव मोजून कापतो.
गोळी नीट तुटत नाही, भुगा होतो.
तो कागदावर गोळा करतो,
आणि पुडीत घालावा की फुंकून टाकावा,
मृण्मयीकडे बघत
तसाच उभा राहतो.