आधी पूस

कसाऱ्याच्या उतारावर पहिल्यांदा कळलं.
पुढं ट्रक, मागं ट्रक, पाय ब्रेकवर
आणि स्टिअरिंग असं थरथरलं
जसं कुणाचं मनगट धरावं
आणि ते सोडवून घेऊ बघावं.
पाय उचलला की गप्प.

मुंबई नाक्यावर दोनदा बॅलन्सिंग केलं.
त्यांनी चाकांना शिसं लावलं, मला बिल.
थरथर तशीच. द्वारकेला, उड्डाणपूल उतरताना,
शाळेच्या फाटकापाशी तर हमखास.
मुलगी म्हणाली, बाबा, हिला हुडहुडी भरलीय.

शेवटी अंबड लिंक रोडला वाल्मीक पगारकडे.
त्यानं बॉनेट उघडलं नाही. चहाचा कप खाली ठेवला.
नेहमी थरथरते, की ब्रेक लावल्यावरच?
ब्रेक लावल्यावर.
हातात येते, की बुडाखाली?

मी थांबलो.
चार महिने त्याच सीटवर बसून
हे मी तिला विचारलंच नव्हतं.

सातपूर मागं पडल्यावर त्र्यंबकच्या रस्त्याला
त्यानं मलाच चालवायला लावली.
स्वतः शेजारी, चप्पल काढून,
तळवे फरशीवर टेकवलेले, डोळे मिटलेले.
ऐंशी होऊ द्या. दाबा. सोडा. परत दाबा.
मग रस्ता मोकळा बघून, वेग उतरवून,
हँडब्रेक हळूच ओढला. गाडी थांबत गेली
दुधावरच्या सायीसारखी, जराही न हलता.
म्हणजे मागचं नाही, म्हणाला. पुढचंय.
येताना एवढ्यासाठी थांबलो की त्याला पेरू घ्यायचे होते.

उजवं चाक उतरलं. डिस्क नटांनी आवळून
त्यानं डायल लावला, हातानं फिरवली.
काटा शून्यावरून निघाला, बारापर्यंत चढला,
उतरून पुन्हा शून्यावर.
एक डोंगर होता तिथं, माझ्या डोळ्यांना न दिसणारा.
वाकलीय? मी विचारलं.
सगळे हेच विचारतात, म्हणाला, आणि डिस्क काढली.

मागं, हबच्या तोंडावर,
करंगळीच्या नखाएवढा गंजाचा पापुद्रा.
हे पुसलं नाही बसवताना.
मध्यावर केसभर, मग कडेला दीड केस.
दर फेरीला पॅड तिथंच घासत राहिलं,
आता डिस्कही एका जागी झिजलीय.
कुणी बसवली ही?

होता एक जण, मी म्हणालो.

माझे वडील सातपूरला एका कारखान्यात
एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते.
घरी ताट घेतानाही त्याचं बूड पुसायचे.
आई चिडायची.
मी नववीत असताना मायक्रोमीटर हातात दिला,
मी लगेच चिमटीत खिळा धरला,
तर म्हणाले, आधी पूस. मग मोज.
बोटांच्या घामालाही जाडी असते.

वाल्मीक तारेच्या ब्रशनं घासत होता.
लालसर भुकटी त्याच्या पँटवर, माझ्या बुटांवर.
शेजारच्या शेडमध्ये मुंतझीरनं डिस्क लेथवर चढवली,
दोन हलके कट घेतले, कीस
वाफेसारखा निघाला, मायक्रोमीटरनं
आठ ठिकाणी मोजली, आठही वेळा
मोजण्याआधी फडक्यानं पुसली.
मी काही बोललो नाही. घशात काहीतरी होतं, भुकटीच असेल.

परत बसवली. डायलचा काटा
झोपेत कूस बदलावी तेवढा हलला, बस.
नट आवळताना त्यानं हवेच्या गनला हात लावला नाही.
एक, मग समोरचा, मग उरलेले दोन,
पाना टक् म्हणेपर्यंत, त्याच्यापुढं एक रेसही नाही.

तेव्हा सांगितलं.
दिवाळीच्या सुट्टीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
मोबाईल टायरला टेकवून, व्हिडिओ थांबवत थांबवत,
आठशे रुपये वाचवले म्हणून बायकोकडून
दोन अनारसे जास्तीचे घेऊन,
ती डिस्क मीच बसवली होती.

त्यानं वर बघितलं नाही.
पाना पुसला, पेटीत ठेवला.
मग डावीकडचीही तुम्हीच बसवली असेल, म्हणाला,
आणि जॅक पायानं
त्या बाजूला सरकवला.