करिता

कीथलीत साडेतीनलाच अंधारून येतं.
काउन्सिलच्या हॉलमध्ये चौदा खुर्च्या,
तेरा रिकाम्या.
चौदावीत एक म्हातारी, मुठीत चिठ्ठी: सत्तेचाळीस.
मी काचेआडून खुणावलं, या ना.
तिने भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बोट दाखवलं.
तिथे अजून सेहेचाळीस होता.

मी बटण दाबलं, मग ती उठली.

एनिड ऑल्डरॉइड. वय एक्क्याऐंशी.
अपंगांच्या पार्किंगचं निळं कार्ड, नूतनीकरण.
पडद्यावर आधीच उमटलेलं: नामंजूर.
पन्नास मीटर चालू शकते.
मी म्हटलं, नियम असं म्हणतो.
ती म्हणाली, बरं, कुठे बसतो तो?
त्यालाच भेटते.

मला हसता आलं नाही. मनातल्या मनात जिने चढू लागले:
माझ्यावर शफीक, शफीकवर ब्रॅडफर्ड,
ब्रॅडफर्डवर लंडन, लंडनवर कायदा,
आणि कायद्याच्या वर, म्हणे, लोक.
म्हणजे ही.
सत्तेचाळीस नंबरची, हातमोजे मांडीवर घेऊन बसलेली.

बाबा कराडच्या कचेरीत अव्वल कारकून होते.
तहसीलदारांच्या नावाशी ‘करिता’ लिहून सही करायचे.
मला वाटे, करिता ही कुणी बाई असणार,
सरितासारखी,
आणि तिला विचारल्याशिवाय बाबांची सही उठत नाही.

मी कोट चढवला. चला, म्हटलं.
बाहेर मीठ टाकलेला उतार.
बेकरीच्या कठड्याला धरून ती पहिल्यांदा थांबली.
दुसऱ्यांदा नुसतीच, कशालाही न धरता.
मी हात दिला नाही.
मोजताना हात द्यायचा नसतो.
तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिने मागे वळून विचारलं,
झाले का पन्नास?
बत्तीस झाले होते.
मी म्हटलं, जवळजवळ.
का म्हटलं, कुणास ठाऊक.

परत येऊन ‘शेरा’ उघडला.
अडीचशे अक्षरांची मुभा असते तिथे,
माझं राज्य एवढंच.
लिहिलं: अर्जदार चालते.
चालणे कशास म्हणावे, याचा वरिष्ठांकडून खुलासा व्हावा.
तोवर मंजूर.

शफीकच्या नावाखाली माझं नाव टंकलं,
आणि पुढे, सवय नसताना, मराठीत, करिता.

सिस्टीमला ते वाचता आलं नाही.
कागदावर छापून आले
तीन रिकामे चौकोन.