बत्तीस बोअर

अर्जात एक रकाना होता : शस्त्र कशासाठी हवे?
मी लिहिलं, नेमबाजीचा खेळ.
खरं लिहिलं असतं तर साहेबांनी
अर्ज तिथंच परत केला असता,
कारण मला फक्त
त्याच्या आतली स्प्रिंग बघायची होती.

अठरा महिने.
जमादार दोनदा घरी येऊन गेला,
चहा प्याला, शेंगाचटणीची पुडी नेली,
शेजारच्या गुंडू म्हेत्रेला विचारलं, माणूस कसाय?
गुंडू म्हणाला, माग दुरुस्त करतो ओ,
दुसरं काय येतंय त्याला?
हा शेरा माझ्या फायलीत आहे.

नबीलाल पटवेगारांनी काउंटरवर तीन मांडली.
दोन नवी, कानपूरची, चकचकीत.
तिसरं जुनं वेब्ली,
बसक्या नाकाचं, सुताराच्या गुण्यासारखं काटकोनी.
‘हे नका घेऊ की ओ, ह्याला कोण विचारत नाही.’
मी स्लाइड मागं ओढली. सोडली.
आमच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम ओरडतात.
धोटा पेटीत जाऊन बसतो तो आवाज
एकटा असा
जन्मात पहिल्यांदा ऐकला.
किंमत मी विचारलीच नाही.

रजिस्टरात आधीचा मालक :
डॉ. मल्लप्पा हत्तुरे, दंतवैद्य.
सन एकसष्ट, काडतुसं घेतली पन्नास.
शिल्लक एकोणपन्नास.
चार रात्री मी त्या एकाचा विचार करत पडलो.
एकातच मन भरलं
की एकातच घाबरले डॉक्टर?

रविवारी होटगीच्या पलीकडं,
सकाळचे सात, तरी माती तापलेली.
सुभेदार नारायणकर कानाशी म्हणाले,
श्वास अर्धा सोड. घोडा ओढू नको,
लिंबू पिळतोस तसा दाब.
पहिली गोळी बांधाच्या मातीत.
आणि सांगतो, मी निशाणाकडं बघतच नव्हतो.
धक्का मागं,
पुंगळी उजवीकडं उडाली,
नवं काडतूस वर, स्लाइड पुढं,
पापणी लवायच्या आत सगळं,
आणि मग ते थांबलं.

माग थांबत नाही.
धागा तुटला तरी चार धोटे जास्तीचे मारतो,
वीज जाईस्तोवर त्याला कुणाची पर्वा नाही.
हे दर वेळी थांबतं
आणि विचारतं, अजून?
आठ वेळा विचारलं.
आठही वेळा मी हो म्हणालो.
पाचवी पुंगळी, तापलेली, कॉलरीतून आत शिरली
आणि सुभेदार ओरडले,
नाच, नाच हवा तेवढा, पण नळी समोर!
कागदावर भोकं तीन.
त्यातलं एक शेजारच्याचं असावं.

घरी पेपर पसरला,
जुन्या चादरीची चिंधी, तेलाचे चार थेंब.
नागमणी विड्यांचं सूप घेऊन समोर बसलेली.
‘केवढ्याला?’
सांगितलं.
तिची बोटं थांबली, विडी अर्धी वळलेली.
मग तिनं ते मागितलं.
दोनदा बघून, रिकामं आहे म्हणून, दिलं.
वीस वर्षं तंबाखू तोललेला तळहात तिचा.
‘सहाशे ग्रॅमला थोडं कमी,’ ती म्हणाली,
‘आणि एवढे पैसे.’
पण परत दिलं नाही.
विडीचं तोंड मुडपायची काडी घेतली
आणि मुठीवरच्या नक्षीत अडकलेली माती,
डॉक्टरांच्या काळापासूनची असेल,
टोकरत बसली,
माझ्याकडं न बघता.

रेंजवर पुंगळ्या मोजून द्याव्या लागतात.
सात भरल्या. सुभेदारांनी वहीत सात लिहून
प्रश्नचिन्ह काढलं.
बुधवारी शर्ट पिळताना
आठवी मोरीत टणकन पडली.
पुढच्या रविवारी नेऊन द्यायची आहे.
तोवर खिडकीत असते.
नागमणी येता-जाता
ओठाशी धरून
शीळ वाजवून बघते.