अकरा पॉइंट चार

फ्रिज रात्री अडीचला बंद पडला.
आधी गुरगुर थांबली, मग लाल दिवा,
दोनदा लुकलुक, जरा दम, पुन्हा दोनदा.

गंगापूर धरणाच्या मागे, सावरगावच्या अंगाला
आमची पिकअप उभी. तिच्या पाठीवर पत्र्याची खोली,
एक गादी, एक खिडकी, पडद्याला माझी जुनी साडी,
आणि तीस लिटरचा हा निळा डबा,
ज्याला हे 'पाहुणा' म्हणतात,
कारण गाडीत सगळ्यात आधी त्याचं बघावं लागतं.

मी झाकण उचलून चाचपलं.
दही घट्ट. कोथिंबीर ओल्या फडक्यात.
माझ्या डोळ्यांचे थेंब.
मोसमातली शेवटची काळी द्राक्षं, जराशी सुरकुतलेली.
आणि वन्संचं लोणचं, ज्याला गारव्याची काही गरज नाही,
पण परत गेल्यावर त्या विचारणार,
कुठे ठेवलं होतं?

"बॅटरी संपली," मी म्हटलं.
उत्तर नाही.

तेहतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
ह्यांनी विमानांच्या पोटात तारा ओवल्या.
घरी आल्यावर बोलणं मोजून.
भाजी कशी झालीय? हं.
आज तारीख किती, आठवतं का? हं.
चारुशीला लग्न होऊन बेळगावला निघाली
तेव्हा नाशिकरोड स्टेशनावर
बॅगा मोजत राहिले, पाच, पुन्हा पाच, पुन्हा पाच,
गाडी हलली तरी.

दातात टॉर्च धरून हे खाली वाकले.
मीटरच्या सुया बॅटरीवर: बारा पॉइंट सहा.
फ्रिजच्या प्लगवर: तेही बारा पॉइंट सहा.
मग पाहुणा सुरू व्हायला धडपडला
आणि आकडा घसरला,
अकरा पॉइंट चार.
तो गप्प झाला, आकडा पुन्हा वर.

"बॅटरी भरलेली आहे," हे म्हणाले.
"मग?"
"तार बारीक. अंतर लांब.
नुसतं मोजलं तर ठीक दिसतं,
काम पडलं की वाटेतच जातं.
ह्याला वाटतं, तिकडे काही उरलंच नाही,
म्हणून बिचारा आपणच बंद होतो."

इतकं सलग ह्यांच्या तोंडून
मागे कधी ऐकलं होतं,
ते आठवत मी उजाडेपर्यंत जागी.
दह्याचं पाणी सुटलं. सुटू दे.

सकाळी द्वारकेला, खलील कोकणींच्या दुकानात.
त्यांनी आमची तार दोन बोटांत धरली
आणि शेवयांकडे बघावं तसं बघितलं.
"धारणकर साहेब, तुम्ही विमानवाले, आणि ही?"
"घाईत टाकली," हे म्हणाले, चक्क लाजले.
सोळाची तार निघाली, करंगळीएवढी,
लाल एक वेटोळं, काळं एक वेटोळं.
मी म्हटलं, काळी कशाला बदलायची, ती तर बरी दिसतेय.
खलीलभाई हसले.
"भाभी, सगळे लाल तेवढी जाड घालतात.
परत यायला पण तेवढाच रस्ता लागतो."

मी काही बोलले नाही.
पावणेदोन हजार रुपये. मजुरी त्यांनी घेतली नाही,
द्राक्षांचा एक घोस घेतला.

दुसऱ्या रात्री अंजनेरीच्या पायथ्याशी.
दिवसभराचा पत्रा अजून तापलेला,
वारा पडलेला, लांब कुठेतरी पंपाची धडधड.
पाहुणा सुरू झाला. आकडा बारा पॉइंट चार,
तिथेच राहिला.
हे त्याच्याकडे बघत बसले,
मी ह्यांच्याकडे.

भाजीचं विचारणार होते.
विचारलं भलतंच.
"त्या दिवशी स्टेशनावर
बॅगा किती होत्या हो?"

बराच वेळ नुसती गुरगुर.

"सहा," हे म्हणाले.
"एक तिनं हातात धरली होती.
ती मोजायला वर बघावं लागलं असतं."

मी झाकण उघडून द्राक्षं काढली.
गार होती. अगदी देठापर्यंत.