तूट

हे पहाटे पाचला येतात तुर्भ्याहून.
फळबाजारात मापाडी आहेत.
रात्रभर क्रेट काट्यावर, क्रेट काट्याखाली,
अंगाला सगळ्या फळांचा मिळून एकच वास,
त्याला कुठल्या एका फळाचं नाव देता येत नाही.
आज पिशवीत डागी आलुबुखार.
हिमाचलचा माल, म्हणाले, ट्रकमध्ये दबला,
आणि चहा अर्धा ठेवून झोपले.

कोपरखैरण्याची आमची खोली एकच.
स्वयंपाक आणि झोप यांच्यामध्ये पडदा.
म्हणून मिक्सर नाही, बीटर नाही,
कुरियन मॅडमची चोवीस फ्रूट बारची ऑर्डर
मी बोटांनीच करते.

डाग सुरीच्या टोकाने काढले,
उरलं ते गुळात शिजत ठेवलं,
झाकण न घालता. झाकण वाजतं.
आधी पिवळा, मग लाल, मग
गुडघ्याला लावायच्या औषधासारखा रंग.

मैदा सहाशे ग्रॅम, लोणी चारशे.
यांचा काटा क्विंटलचा, माझा ग्रॅमचा,
मीठ मात्र मी अजून चिमटीनेच घालते.

लोणी थंडगार हवं. तळहात लावायचा नाही,
तळहात ऊन असतो, पिठाचा गोळा होतो.
फक्त बोटांची टोकं,
भिजलेले वाल सोलताना लागतात तेवढीच.
पीठ वाळूसारखं होतं,
मधेमधे वाटाण्याएवढे खडे. ते फोडायचे नाहीत.
निम्मं वाटीच्या बुडाने ट्रेमध्ये दाबून बसवायचं,
त्यावर फळ,
निम्मं तसंच मोकळं वरून सोडायचं.
पीठ तेच.
वरचं दाबायचं नसतं
हे कळायला मला चार वर्षं लागली.

ट्रे आत. एकशे ऐंशीवर पस्तीस मिनिटं.
अकराव्या मिनिटाला लाईट गेली.

एवढं जपलं, चमचासुद्धा फडक्यावर ठेवला,
आणि हे जागे झाले ते पंखा थांबल्याच्या शांततेने.
"काय झालं?"
ओव्हनच्या काचेत माझंच तोंड.
चुरा पांढराच, खाली रस उकळी धरायच्या बेतात,
मॅडमचा ड्रायव्हर पाचला येणार,
मे महिना, शुक्रवार,
आणि महावितरणचा फोन कोण उचलतंय.

हे उठले. बनियनवरच शर्ट चढवला,
दोन टॉवेलांत ट्रे धरला,
उचलताच सवयीने म्हणाले,
"तीन किलो शंभर. ट्रे धरून."

गावात, तळ्यामागे, मुस्तकीमची पावाची भट्टी.
दिवाळीत आम्ही सगळ्याजणी तिथेच
नानकटाईचे पत्रे लावतो,
पण मे महिन्यात, भर दुपारी दीडला?
त्याने टॉवेल उचलून पाहिला.
"भाभी, ये क्या है?"
बार म्हणावं तर याला दारूचा वाटेल.
म्हटलं, नानकटाईच आहे, फुटलेली, आत जाम.
हसला. लांब फळीवरून ट्रे सरकवला
पार मागच्या भिंतीपर्यंत.

आम्ही मैद्याच्या पोत्यांवर बसलो.
दुपारचं असं शेजारी बसायची सवय नाही.
माझं मनगट उलटं करून यांनी विचारलं,
"हे भाजलंय कधी?"
"जानेवारीत."
मग भट्टीकडेच बघत राहिले.

ट्रे आला. कडा जरा जास्तच तांबूस,
आणि एक धुराचा वास, जो मी घातला नव्हता.
गरम असताना कापायचं नाही,
हे पंधरा वेळा सांगूनही
यांनी कोपरा मोडलाच.

घरी आलो तर लाईट आलेली,
पंखा रिकाम्या गादीवर फिरतोय.
चावीचा टायमर मधेच कधीतरी
एकटाच वाजून गप्प झाला असणार.
ट्रे माझ्या काट्यावर ठेवला.
दोन किलो आठशे नव्वद.
"चुकलं तुमचं."
"नाही चुकलं. भट्टीची तूट धर.
पाणी उडालं. आणि एक कोपरा."

दोन मुस्तकीमचे. एक कोपरा.
चोवीसचे एकवीस.
मॅडमना काय सांगायचं म्हणून
फोन हातात घेऊन उभी आहे मी,
आणि हे परत झोपलेत पडद्यामागे,
बोटं तशीच, लाल.