हनुवटी यायला अजून दोन फूट

वागळे इस्टेटमध्ये, वेल्डिंगच्या दुकानावर
आमचा फ्लेक्सचा छापखाना.
मी तिथे चेहरे धुते,
माउसने.

पुरुषाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या ठेवायच्या,
अनुभव दिसतो म्हणे.
बाईच्या डोळ्यांखाली नुसतं जागरण दिसतं,
ते पुसायचं.
शेठ सांगतात, बाई उजळ निघाली की बिल वेळेवर निघतं.
नवरी उजळली, हळदीकुंकवाची अध्यक्षा उजळली,
एकदा पहिल्या वाढदिवसाची पोर आली,
फुगे, मुकुट, तोंडाला केक.
तिलाही दोन शेड वर नेलं मी.
एक वर्षाची होती.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला
तेव्हा खारेगावच्या चांगुणाबाई भोईर आल्या,
मुलाच्या मागून जिना चढत.
फोटो उघडला, मी बटण दाबलं,
आणि हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके
मशीननं डाग समजून खाल्ले.

त्या पडद्याजवळ वाकल्या.
'कोन हाय गो ही?'
तुम्हीच, मी म्हटलं.
मुलगा म्हणाला, आई, गोंदण बरं नाही दिसत बॅनरवर.

त्या त्याच्याशी बोललाच नाहीत.
मला म्हणाल्या,
'सात वर्सांची व्हते. चार बायांनी धरून ठेवलेली.
गोंदल्याबिगर पोर सोबत नाय, बोलायच्या.
तवा पन मना कोनी इचारला नाय, आथा पन नाय.
पन ती सुई मना याद हाय.
तुजा पुसना मातर कल्लाच नाय.'

मला वाटलं होतं, त्या म्हणतील
हीच माझी ओळख, हेच माझं खरं रूप,
असं काहीतरी, टाळी पडेल असं.
त्या फक्त म्हणाल्या, 'ठेव,'
आणि पंख्याखाली जाऊन बसल्या.

मी एक पाऊल मागे घेतलं, कीबोर्डवर.
ठिपके परत आले.

संध्याकाळी मुलाचा फोन:
'साफ केलेलीच छापा, पैसे मी देतोय.'
शेठनं मान डोलावली, चहाला गेले.

डेस्कटॉपवर दोन फाइली,
चांगुणा फायनल, चांगुणा फायनल दोन.
मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडे,
उजवीकडून डावीकडे,
पदर, कपाळ, कुंकू, नाक.
कुठली फाइल लावली ते मी
अजून कुणाला सांगितलेलं नाही.
हनुवटी यायला
अजून दोन फूट आहेत.